कचरूच्या गाण्यातली आरिया

संघपाल म्हस्के आमच्या हसनाबादच्या भागात वायरमन आहे. राहतो केदारखेड्याला, रोज सकाळी मोटरसायकलवर येतो. शेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा, अंगानं काटक आणि बोलायला कमी. मी इथल्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. शाळेची लाइट गेली की त्याला फोन लावायचा, तो येऊन मुकाट्यानं खांबावर चढायचा, आणि उतरून "झालं मॅडम" म्हणून निघून जायचा. आमची ओळख इतकीच होती. दोन हजार एकोणीसच्या जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या तो एक वही घेऊन स्टाफरूममध्ये आला. त्या दिवसापासून मला त्याची, त्याच्या आईची आणि त्याच्या वडिलांच्या गाण्याची गोष्ट कळत गेली.

त्याचे वडील कचरू म्हस्के. बहात्तरच्या दुष्काळात केदारखेड्यातली चार माणसं मुंबईला गेली, त्यात हे एक. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. बायको, नंदाबाई, सोळा-सतरा वर्षांची. तिला सासू-सासऱ्यांजवळ ठेवून कचरू गेले आणि गोदीत माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागले. चार वर्षं ते तिथं होते. मधून फक्त दोनदा गावी आले. शहात्तर साली काम सुटलं तसे परतले ते कायमचे.

तेव्हा आमच्या तालुक्यात गावोगाव विजेचे खांब उभे राहत होते. एका ठेकेदाराला गँगसाठी माणसं हवी होती. कचरू त्या गँगमध्ये गेले. आजच्यासारखी क्रेन तेव्हा नव्हती. लोखंडी पोल बैलगाडीनं शेतात न्यायचा, खड्डा खणायचा, पोलच्या टोकाला दोर बांधायचे आणि दहा माणसांनी मिळून तो उभा करायचा. दहाही जणांचा झटका एकाच क्षणी बसला पाहिजे. एकानं घाई केली तर पोल फिरतो, आणि फिरलेला पोल कुणाच्या अंगावर येईल याचा नेम नाही. कचरू गँगमध्ये येण्याआधी तसा एकाचा खांदा निकामी झाला होता. कचरूंनी पहिल्याच आठवड्यात मुकादमाला सांगितलं की गोदीत आम्ही गाण्यावर ओढतो, इथंही ओढून बघू. आणि त्यांनी गाणं सुरू केलं. एक ओळ ते म्हणायचे, तिचं शेपूट बाकीचे धरायचे.

म्होरं बघ — हापेस!
दर्या बघ — हापेस!
लंगर उठं — हापेस!
बंदर सुटं — हापेस!

प्रत्येक 'हापेस'ला दहा पाठी एकदम मागं जायच्या. पोल उभा झाला की तो हळूहळू खड्ड्यात सोडायचा. तेव्हा चाल बदलायची, लांबवायची:

आरिया आरिया, सबुरीनं आरिया,
हातामंदी दोर माझ्या, डोळ्यामंदी दर्या.
घर सोडलं, दार सोडलं — तुझ्यापायी आरिया!

भोकरदन तालुक्यातल्या त्या दहा जणांपैकी नऊ जणांनी समुद्र पाहिला नव्हता. पण त्या गाण्यावर पुढं अठरा-एकोणीस वर्षं पोल उभे राहिले, आणि त्या गँगमधल्या कुणाचं हाड मोडलं नाही. कचरूंना लोक 'दर्या कचरू' म्हणू लागले. शब्दांचा अर्थ त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही, आणि कुणी विचारलाही नाही, कारण लोकांनी तो आपापल्या परीनं लावून टाकला होता. हापेस म्हणजे हाफिज. गोदीत कचरूचा कुणी हाफिज नावाचा दोस्त असेल. आणि आरिया? ती तर उघडच होती. मुंबईला चार वर्षं एकट्या राहिलेल्या तरण्या माणसाच्या गाण्यात बाईचं नाव येतं, त्याला काय अर्थ विचारायचा!

अठ्ठ्याहत्तर साली गँग खुद्द केदारखेड्यात आली. नंदाबाई नवऱ्याची भाकर घेऊन शेतात गेल्या. कडेवर वर्षाचा संघपाल होता. बांधावर उभ्या राहून त्यांनी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं. 'घर सोडलं, दार सोडलं' असं नवरा म्हणाला, आणि बाकीचे नऊ जण हसत ओरडले, 'तुझ्यापायी आरिया'. त्यांनी भाकर बांधावर ठेवली आणि त्या परत फिरल्या.

त्यानंतर त्या भांडल्या नाहीत, माहेरी गेल्या नाहीत. अजून दोन मुली झाल्या. संसार झाला, मुलं शिकली. फक्त त्या घरात गाणं म्हटलं जायचं नाही. कचरू दारात चप्पल काढावी तसं गाणं बाहेर काढून ठेवायचे आणि आत यायचे. संघपाल सांगतो की लहानपणी त्याला हे नवल वाटायचं. गावभर ज्याचा आवाज माहीत आहे, तो माणूस घरात पाणीसुद्धा हातवाऱ्यानं मागायचा.

दोन हजार अकरामध्ये कचरू गेले. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, गावातले दोन-चार जण बोलले. गँगमधली उरलेली पाच माणसं आली होती. त्यांचे पुढारी सर्जेराव, त्याच गावचे, मराठ्याचे, कोरडवाहू चार एकरांचे धनी. या सर्जेरावांची आणि कचरूंची जोडी होती. गँगमध्ये दोर एकच असला तरी पाण्याचे तांबे सुरुवातीला दोन होते. दोन वर्षांनी एकच राहिला. कसा, ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. तर सर्जेराव उठून म्हणाले, की आमच्या गड्याला आम्ही त्याच्या गाण्यानं निरोप देतो. त्यांनी तोंड उघडायच्या आत नंदाबाई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

गाणं झालंच नाही. संघपाल चौतीस वर्षांचा होता, नोकरीला लागलेला, लेकराबाळांचा. नंतर त्यानं सर्जेरावांना कडेला घेऊन विचारलं. सर्जेरावांनी जमिनीकडं बघत सांगितलं की तुझ्या मायच्या मनात त्या आरियाचं हाय, म्या तरी काय सांगू.

त्या दिवसापासून संघपालच्या डोक्यात एक विचार राहिला. तो त्यानं मला बऱ्याच वर्षांनी सांगितला, तेही अडखळत. मुंबईत वडिलांचं दुसरं घर असलं तर? तिथं एखादा भाऊ असेल, बहीण असेल. आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. तिला बाप मेल्याचं कुणी कळवलं असेल का? राग त्याला येत नव्हता. फक्त वाटायचं की असली तर भेटावं.

पण शोधायचं कसं? हातात काही नव्हतं. गाण्याच्या दोन ओळींपलीकडं त्यालाही काही येत नव्हतं. मग दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात वादळ झालं आणि केदारखेडा शिवारात साठेक पोल आडवे झाले. वीज कंपनीनं हायड्रा क्रेन पाठवली, पण तिची चाकं काळ्या मातीत रुतून बसली. चार दिवस गावात लाइट नव्हती. शेवटी संघपालनं गावातली माणसं गोळा केली आणि दोर आणले. पोरं ताकदीची होती, पण ओढताना प्रत्येकाचा झटका वेगळा. दोनदा पोल फिरला. बांधावर बसून सर्जेराव हे सगळं बघत होते. पंच्याहत्तरीचे, हातात काठी. त्यांना राहवलं नाही. त्यांनी तिथूनच हाक दिली, 'म्होरं बघ!' पोरांना उत्तर माहीत नव्हतं, ते शिकवावं लागलं. तिसऱ्या ओळीला पोल उठला. संध्याकाळपर्यंत अकरा पोल उभे राहिले, आणि संघपालनं खिशातल्या, लाइन बंद ठेवण्याच्या परमिटच्या कागदामागं पूर्ण गाणं लिहून घेतलं.

तो कागद वहीत उतरवून तो माझ्याकडं आला होता. म्हणाला, "मॅडम, तुमी मराठीच्या. ह्याचा अर्थ सांगा. त्यातल्या त्यात आरियाचा."

मी काय सांगितलं ते आठवलं की अजून मान खाली जाते. मी त्याला म्हटलं की आर्या नावाचं जुनं वृत्त आहे, जुने कवी त्यात लिहायचे, त्याचाच हा अपभ्रंश असणार. फळ्यावर मात्रासुद्धा मोजून दाखवल्या. त्यानं सगळं नीट लिहून घेतलं. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "पर मॅडम, हे गानं म्हननाऱ्यातल्या कुनालाच लिहिता येत न्हवतं."

मग तो थेट आईशी बोलला. नंदाबाई त्याला म्हणाल्या, "त्या बाईचं नाव माझ्या घरात नको."

पुढच्या फेब्रुवारीत एक जळालेला ट्रान्सफॉर्मर घेऊन संघपाल जालन्याच्या एमआयडीसीत गेला. दुरुस्तीच्या शेडला लागूनच लोखंडाचा कारखाना होता. आत क्रेननं काहीतरी अवजड धूड उचललं जात होतं. खाली उभा असलेला माणूस हात वर करून ओरडत होता, "हापेस… हापेस… हापेस." संघपालनं मान वळवली. धूड वर गेलं, आडवं सरकलं, जागेवर आलं. त्या माणसानं तळहात खाली केला आणि लांब सुरात म्हणाला, "आरिया… आरिया… आरिया."

संघपाल सांगतो की हातातला चहा तसाच राहिला, आणि मग कुणीतरी तो काढून घेतला.

त्या माणसाचं नाव आदिनाथ. अंबडकडचा, चाळिशीचा, कारखान्यात खलाशी. जालन्याच्या कारखान्यांत अवजड यंत्रं हलवणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात, हे संघपालला ठाऊक होतं. पण खलाशी तर जहाजावर असतो, हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता. संघपालनं त्या दोन शब्दांचा अर्थ विचारला तेव्हा आदिनाथला नवल वाटलं. त्यानं सांगितलं की हापेस म्हणजे उचल, ओढ. आरिया म्हणजे ढील दे, खाली सोड. आमच्या धंद्यात सगळीकडं हेच चालतं. त्याला हे काम शिकवणारे उस्ताद होते अब्बास सोलकर. कोकणातले मुसलमान, आधी बोटीवर, मग मुंबईच्या गोदीत, आणि म्हातारपणी काही वर्षं जालन्यात यंत्रं बसवायला आलेले. आता त्यांच्या गावी असतात.

संघपालनं नंबर घेतला. पण घरी जाऊन त्यानं आईला काही सांगितलं नाही. त्याचं म्हणणं असं, की शब्दाचा अर्थ 'दोर सोड' असला म्हणून त्या नावाची बाई नसतेच असं थोडंच आहे? अर्धवट सांगून आईला आशा लावायची आणि नंतर दुसरंच निघायचं, हे त्याला नको होतं. गाणं पुरतं कळू दे, मग बोलू.

पुढं लॉकडाऊन लागला. वायरमनला सुट्टी कसली? दीड-दोन वर्षं त्यातच गेली. मधून तो कोकणात फोन लावायचा. म्हातारे अब्बासचाचा कानानं अधू, त्यांची सून निरोप पोचवायची. एकदा तिनं सांगितलं, की चाचा म्हणतात गाणं फोनवर होत नाही, यायचं तर या, पण फार उशीर करू नका.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत संघपालनं पाच दिवसांची रजा टाकली. बायकोला, दीपमालाला, खरं सांगितलं. आईला सांगितलं की ट्रेनिंग आहे. एसटी बदलत बदलत तो रत्नागिरीकडं गेला. समुद्र त्यानं तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. कसा वाटला, असं मी विचारलं तर म्हणाला, "आवाज लई करून राह्यला व्हता. माझा बा एवढा मोठ्यानं का गात असल, ते कळलं."

अब्बासचाचांचं घर खाडीच्या काठावर, नारळाखाली. वय चौऱ्याऐंशी. संघपालनं वडिलांचं नाव सांगितलं, साल सांगितलं. चाचांनी आठवून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्या सालात दुष्काळाची माणसं शेकड्यांनी गोदीत आली होती, ते म्हणाले. "आम्ही सगळ्यांनाच घाटी म्हणायचो. नावं विचारली नाहीत. विचारायला पाहिजे होती."

मग संघपालनं वही उघडली आणि पहिली ओळ वाचली. ती संपायच्या आत चाचांनी उत्तर दिलं होतं. म्हातारा आरामखुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही मुठी छातीशी आवळून ओढू लागला. सून आतून धावत आली. ओढायची ओळ न् ओळ त्यांना येत होती. संघपालच्या वहीत नसलेल्या दोन ओळी त्यांनी जास्तच म्हटल्या. त्यांना हे गाणं वडिलांकडून मिळालं होतं. वडील वाफेच्या बोटीवर होते. त्यांना ते तांडेलानं शिकवलं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं. तांडेलाला कुणी, ते ठाऊक नाही. एका बोटीवर कोकणी असायचे, गुजराती खारवे असायचे, गोव्याचे, मलबारचे असायचे. एकमेकांची बोली कळायची नाही, पण दोर सगळ्यांना एकदम ओढायचा असायचा. म्हणून असे शब्द तयार झाले. आरिया हा शब्द फिरंग्यांच्या बोटीवरून आला असं चाचांनी ऐकलं होतं. हापेसबद्दल कुणी म्हणे तो साहेबाच्या बोलीतला, कुणी म्हणे अरबांचा. "मी शिकलेला माणूस नाही," ते म्हणाले. "ऐकलं ते सांगतो."

संघपालनं विचारलं, "चाचा, आरिया नावाची बाई बी व्हती का कुनी?"

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "अरे बाबा, माल खाली उतरवताना आरिया म्हटलं नाही तर खालचा माणूस मरतो. तिथं बाई कुठून आणतोस?"

शेवटची ओळ आली तेव्हा दोघांचे शब्द जुळले नाहीत. संघपाल म्हणाला 'तुझ्यापायी आरिया'. चाचा म्हणाले 'पोटापायी आरिया'. संघपालनं पुन्हा विचारलं. चाचांनी ठाम सांगितलं की त्यांनी आयुष्यभर 'पोटापायी' म्हटलं, त्यांच्या बापानं तेच म्हटलं. घर काय दोराला ढील द्यायला सोडतात? घर पोटासाठी सोडतात.

मग 'तुझ्यापायी' आलं कुठून? परतीच्या एसटीत संघपालला हाच एक प्रश्न होता. वडिलांनीच शब्द बदलला असेल, तर सगळं पुन्हा त्या बाईपाशीच येत होतं.

गावी उतरल्यावर घरी न जाता तो आधी सर्जेरावांकडं गेला. म्हातारबा ओट्यावर तुरी निवडत बसले होते. संघपालनं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलेलं चाचांचं गाणं लावलं. सर्जेराव ऐकत राहिले. 'पोटापायी' आलं तसा त्यांचा हात सुपात थांबला.

"हेच व्हतं," ते म्हणाले. "कचरूनं आमाला हेच शिकिवलं व्हतं."

"मंग तुझ्यापायी कुनी केलं, आबा?"

सर्जेरावांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाले, "म्या."

आणि त्यांनी सांगितलं. गँग केदारखेड्यात होती तो दिवस. नंदाबाई भाकर घेऊन बांधावर आल्या. तरणी बायको बघून गड्यांना चेव आला. कचरूची फिरकी घ्यावी म्हणून सर्जेरावांनी बाकीच्यांना डोळा मारला, आणि उत्तराची ओळ बदलून ओरडले. नऊ जण हसले. कचरूंच्या हातात दोर होता, पोल अर्धा खड्ड्यात होता, त्यांना थांबता येईना. पोल बसवून वळून बघतात तर बांधावर फक्त भाकर. गँगला ती गंमत आवडली आणि पुढं तीच ओळ रूढ झाली. कचरूंनी दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. नंदाबाईंच्या मनात काय बसलंय ते सर्जेरावांना पुढं कळलं होतं. पण आपण केलं असं सांगायचं धाडस झालं नाही. एक वर्ष गेलं, दहा वर्षं गेली. मग ते सांगण्यासारखंच राहिलं नाही.

"सातव्याला म्हननार व्हतो," ते म्हणाले. "पोटापायी म्हननार व्हतो. तिनं दार लावून घेतलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव काठी टेकत स्वतः म्हस्क्यांच्या घरी गेले. त्यांनी संघपालला पुढं बोलू दिलं नाही. नंदाबाई दारात शेंगा फोडत होत्या. सर्जेराव समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं, न थांबता, वर न बघता. दीपमाला चहा घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

नंदाबाई शेंगा फोडत होत्या, त्या फोडतच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे दोर सोडताना म्हनायचं?"

"दोर सोडताना."

"चव्वेचाळीस वर्सं," त्या म्हणाल्या. मग पुढची शेंग उचलून म्हणाल्या, "तुमचं जाऊ द्या दाजी. तुमी हसले. पर त्याला सांगता येत व्हतं की. दोन शब्दांत झालं असतं. म्या एकदा इचारलं व्हतं, कोन हाय ती म्हनून. तर हसला अन् म्हनला, लई जड हाय ती, दहा जन लागतेत. मला वाटलं माझी टर उडवून राह्यला. पुन्हा न्हाई इचारलं."

संघपालनं मला सांगितलं की आई मोकळी होईल, रडेल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. त्या रागावल्या होत्या. मेलेल्या माणसावर, आणि बहुधा स्वतःवर. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पण सर्जेराव दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. त्यांना रात्री आठवलं होतं की कचरूनं स्वतः रचलेलं एक कडवं होतं. जाफराबादकडच्या गावांत म्हणायचा, केदारखेड्यात कधी म्हटलं नाही, लाजायचा. दमानं आठवत, मागं-पुढं करत त्यांनी ते म्हणून दाखवलं:

पूर्णाकाठी बाभळीखाली — सबुरीनं आरिया,
निळ्या लुगड्यात वाट बघती — सबुरीनं आरिया.

संघपालनं चाचांच्या गाण्याशी ताडून पाहिलं. ते तिथं नव्हतं. पूर्णा आमची नदी, खाडीकाठच्या माणसाला ती कुठून माहीत असणार? नंदाबाईंनी कडवं दोनदा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "निळं न्हवतं. जांभळं व्हतं. मुंबईहून पहिल्यांदा आल्ता तवा मी घाटावर धुनं धूत व्हते." आणि संघपालला म्हणाल्या, "वहीत बराबर लिव्ह."

त्यानं निळं खोडून जांभळं लिहिलं. चालीत ते नीट बसत नाही, एक अक्षर जास्त होतं. मी त्याला तसंच ठेवायला सांगितलं.

सर्जेराव मागच्या वर्षी वारले. संघपालची वही आता भरत आलीय. रजेच्या दिवशी तो अंबडपर्यंत जातो, विहिरी खणणाऱ्यांना, दगड ओढणाऱ्यांना, जुन्या हमालांना विचारतो की तुम्ही काय म्हणत होता. अब्बासचाचांच्या त्या दोन जास्तीच्या ओळींत एक शब्द आहे, त्याचा अर्थ अजून कुणालाच लागलेला नाही. मलाही विचारलं होतं. मी या वेळी माहीत नाही म्हणून सांगितलं.

नंदाबाईंना मी हल्लीच भेटले. दीपमाला सांगते की पूर्वी त्या कधी कचरूंचं नावसुद्धा काढायच्या नाहीत, आता दुपारी बायका जमल्या की सुरू होतात. मलाही त्यांनी एक सांगितलं. त्यांच्या वस्तीत पहिल्यांदा वीज आली तेव्हाची गोष्ट. पोल कचरूंनीच उभे केलेले. घरात एकच दिवा लावला होता. वस्तीतली सगळी माणसं दारात जमली. कचरू म्हणाले, बटण माझ्या बायकोनं दाबायचं. यांनी पदर खोचला, हात पुसला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. लोक हसले. कचरू म्हणाले, तारेत यायला वेळ लागतो, वाट बघा. अंधार पडेपर्यंत सगळे वाट बघत बसले आणि मग आपापल्या घरी गेले.

"दुसऱ्या दिवशी आमी समदे खुरपायला गेल्तो," नंदाबाई म्हणाल्या. "दुपारी कवातरी लाइट आली. बटन तसंच दाबलेलं राह्यलं व्हतं. घरात कुनी न्हाई, अन् दिवा आपला जळून राह्यला."